तीन मिनिटांची शिस्त : झेल्को योक्सिमोविच यांची पाच युरोव्हिजन गाणी

सर्बियाचे गायक-संगीतकार झेल्को योक्सिमोविच यांनी २००४ ते २०१५ या काळात युरोव्हिजन या युरोपीय गीतस्पर्धेसाठी पाच गाणी बांधली. त्यांपैकी दोन त्यांनी स्वतः गायली आणि तीन इतरांच्या गळ्यात दिली. या पाच गाण्यांचे हे परीक्षण आहे. पाचही गाणी सलग ऐकायला जेमतेम पंधरा मिनिटे लागतात, कारण या स्पर्धेत तीन मिनिटांहून लांब गाणे चालत नाही. स्पर्धेतले त्यांचे क्रमांक अनुक्रमे दुसरा, तिसरा, सहावा, पुन्हा तिसरा आणि तेरावा असे आहेत, म्हणजे पहिला क्रमांक एकदाही मिळालेला नाही. तरीही या स्पर्धेचा विषय निघाला की जाणकार ज्या मोजक्या संगीतकारांची नावे आदराने घेतात, त्यांत योक्सिमोविच यांचे नाव हमखास असते. ते का असते आणि त्यांच्या बांधणीतले कसब पुढेपुढे साचा कसे बनत गेले, या दोन्ही गोष्टी ही पाच गाणी क्रमाने ऐकल्यावर स्पष्ट कळतात.

योक्सिमोविच यांचा जन्म २० एप्रिल १९७२ रोजी पश्चिम सर्बियातल्या वाल्येवो या गावी झाला. लहानपणीच त्यांच्या हाती अकॉर्डियन आले आणि बाराव्या वर्षी पॅरिसमधल्या एका युरोपीय अकॉर्डियन स्पर्धेत त्यांनी पहिला क्रमांक मिळवला. हा तपशील चरित्रातली शोभेची गोष्ट म्हणून सोडून देण्यासारखा नाही. अकॉर्डियनवादकाला भात्यातली हवा किती राखायची आणि कधी सोडायची याचा हिशेब सतत ठेवावा लागतो, आणि योक्सिमोविच यांच्या गाण्यांची चाल ऐकताना हाच हिशेब पुन्हा पुन्हा जाणवतो. त्यांचा पहिला अल्बम ‘आमायलिया’ १९९९ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी नाटोची विमाने सर्बियावर बॉम्ब टाकत होती त्याच वर्षी निघाला. पाठोपाठ २००१ मध्ये ‘व्रेतेनो’ आणि २००२ मध्ये ‘१११’ आले. नव्वदच्या दशकात सर्बियाच्या बाजारावर टर्बो-फोक या भडक, ठेक्यावर चालणाऱ्या प्रकाराचा वरचष्मा होता. लोकसंगीताशी नाते ठेवूनही त्या गोंगाटापासून दूर राहणारे पॉप संगीत, अशी वाट योक्सिमोविच यांनी निवडली. शब्द बहुतेक वेळा दुसऱ्याचे आणि चाल, वाद्यमेळ व गळा स्वतःचा, अशी त्यांची विभागणी आहे, त्यामुळे त्यांची पारख करताना कवितेपेक्षा बांधणीकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

पहिले गाणे ‘लाने मोये’. ते ज्या परिस्थितीत उभे राहिले ती समजून घेतल्याशिवाय त्याचे वजन कळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे १९९२ नंतर युगोस्लाव्हियाला या स्पर्धेची दारे बंद झाली होती. मधल्या काळात युद्धे झाली, देश फुटला, उरलेल्या देशाचे नाव बदलून ‘सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो’ झाले, आणि या नव्या नावाने तो पहिल्यांदा स्पर्धेत उतरला तो २००४ मध्ये, इस्तंबूलला. अशा पुनरागमनासाठी कुणीही डोळे दिपवणारे, इंग्रजीत गायलेले काहीतरी पाठवले असते. १९९९ पासून स्पर्धेत कोणत्याही भाषेत गाण्याची मुभा असल्याने बहुतेक देश इंग्रजीकडे वळलेही होते. योक्सिमोविच यांनी मात्र सर्बियन भाषेत, जवळजवळ जागचे न हलता, एक विरहगीत म्हटले. शब्द लेओन्तिना वुकोमानोविच यांचे आहेत आणि ते साधे आहेत: आता मी फारसे दुःख करत नाही, असे सांगणारा माणूस प्रत्येक ओळीत नेमके तेच करत असतो.

गाणे सुरू होते ते बासरीसारख्या सुषिर वाद्याने आणि व्हायोलिनने. तीन मिनिटांच्या मर्यादेत जवळजवळ अर्धा मिनिट गायक तोंडच उघडत नाही. स्पर्धेच्या हिशेबात ही उधळपट्टी आहे, कारण मते देणारा प्रेक्षक पहिल्या दहा सेकंदांत कंटाळला तर पुढचे सगळे वाया जाते. पण ती अर्ध्या मिनिटाची शांतता हेच या गाण्याचे भांडवल आहे. नंतर आवाज येतो तोही खालच्या पट्टीत, जवळ बसून सांगितल्यासारखा. ध्रुवपद पहिल्यांदा येते तेव्हाही ते पूर्ण उघडत नाही. चालीचा वेग तोच असतो, फक्त खालून तालवाद्ये हळूहळू भरत जातात, आणि शेवटच्या मिनिटात शब्द बाजूला पडून निव्वळ आकारात गळा वर जातो, तेव्हा आधी राखून ठेवलेले सगळे एकदम खर्ची पडते. विलंबितात धीर धरून बसण्याची सवय असलेल्या मराठी कानाला ही रीत परकी वाटणार नाही. इथे फरक इतकाच की हा सगळा प्रवास तीन मिनिटांत उरकायचा असतो आणि तो उरकण्याची घाई कुठेही ऐकू येत नाही.

एक गोष्ट मात्र पाहताना ध्यानात ठेवावी. त्या वर्षी योक्सिमोविच यांच्यासोबत ‘ॲड-हॉक ऑर्केस्ट्रा’ असे नाव झळकले आणि मंचावर वादकही दिसतात, पण १९९९ पासूनच या स्पर्धेतून प्रत्यक्ष वाद्यवृंद हद्दपार झाला आहे. वाद्यांचा ट्रॅक आधी मुद्रित केलेला असतो आणि तेव्हा मंचावर फक्त गळे खरे असत. म्हणजे ज्या गाण्याची सारी कीर्ती त्याच्या वाद्यमेळावर उभी आहे, त्या गाण्यातले वादक मंचावर वाजवण्याचा अभिनय करत असतात. हे कळल्यावर माझा तरी विरस झाला नाही. उलट तो ट्रॅक किती बारकाईने तयार केला असेल याकडे अधिक लक्ष गेले, कारण श्वास घ्यायला गायकाने कुठे किती थांबावे हेसुद्धा त्यात आधीच ठरवून ठेवलेले आहे, आणि थेट गाताना योक्सिमोविच त्या जागा कुठेही चुकत नाहीत.

निकाल पाहण्यासारखा आहे. उपांत्य फेरीत हे गाणे २६३ गुणांनी पहिले आले. अंतिम फेरीत त्याला पुन्हा २६३ गुणच मिळाले, पण युक्रेनच्या रुस्लाना यांनी चामड्याचे पोशाख, ढोल आणि धडाकेबाज नाच यांच्या बळावर २८० गुण मिळवून बाजी मारली. मला गुणांच्या बेरजेपेक्षा ते कुठून आले हे अधिक महत्त्वाचे वाटते. क्रोएशिया आणि बॉस्निया या देशांनी आपले सर्वोच्च १२ गुण सर्बियाच्या राजधानीतून, बेलग्रेडहून आलेल्या या गाण्याला दिले, आणि ही मते देणारे लोक जेमतेम दहा वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्धच्या युद्धातून गेलेले होते. भाषा एकमेकांना कळते हे त्याचे एक कारण आहेच, पण भाषा तर इतर गाण्यांचीही कळत होती.

दुसरे गाणे ‘लेय्ला’, आणि या पाचांतले सर्वोत्तम गाणे कोणते असे विचारले तर मी याच गाण्याकडे बोट दाखवीन. २००६ मध्ये सर्बिया आणि मॉन्टेनेग्रोची राष्ट्रीय निवडफेरी परीक्षकांच्या मतांवरून इतकी चिघळली की त्या देशाने स्पर्धेतून माघारच घेतली. अथेन्समधली अंतिम फेरी २० मे रोजी झाली आणि दुसऱ्याच दिवशी, २१ मेला, मॉन्टेनेग्रोने सार्वमतात वेगळे होण्याचा निर्णय घेतला. या सगळ्या गदारोळात योक्सिमोविच यांची चाल मंचावर पोहोचली ती बॉस्नियाच्या नावाने. गायले बॉस्नियाची राजधानी सारायेवो इथल्या ‘हारी माता हारी’ या जुन्या, लोकप्रिय बँडने; हारी वारेशानोविच हे त्याचे गायक. शब्द फहरुदिन पेत्सिकोझा आणि देयान इवानोविच यांचे. बॉस्नियातल्या युद्धात सर्ब फौजांनी सारायेवोला घातलेला वेढा उठून तेव्हा दहा वर्षे झाली होती. त्या शहराच्या बँडने एका सर्बियन संगीतकाराची चाल गावी आणि ती बॉस्नियाच्या मनाचे गाणे म्हणून स्वीकारली जावी, यावर वर्तमानपत्री अग्रलेख लिहिता आला असता. गाणे मात्र त्याचा उच्चारही करत नाही, लेय्ला नावाच्या स्त्रीची आठवण काढत राहते.

बॉस्नियात सेव्हदालिंका नावाची, उस्मानी काळापासून चालत आलेली, संथ आणि झुरणाऱ्या प्रेमगीतांची परंपरा आहे. त्या परंपरेतल्या अनेक चालींत कोमल रिषभावरून शुद्ध गंधारावर पडणारी मोठी उडी भेटते, आणि भैरव ऐकत आलेल्या माणसाला ती ओळखीची वाटते. ‘लेय्ला’ ही सेव्हदालिंका नव्हे, ते आधुनिक पॉप गाणेच आहे, पण तिच्या अंगणात ते वाढलेले आहे. ‘लाने मोये’च्या मानाने इथली सुरुवात आणखी हलकी आहे, जवळजवळ छेडलेल्या तारांवर आणि एकट्या आवाजावर उभी. हारी वारेशानोविच यांचा गळा योक्सिमोविच यांच्या गळ्यापेक्षा पातळ आणि थोडा घोगरा आहे, आणि इथेच या गाण्याचे भाग्य उघडले. योक्सिमोविच स्वतः गातात तेव्हा शेवटच्या चढणीवर आपला दमसास दाखवण्याचा मोह त्यांना पूर्णपणे आवरत नाही. वारेशानोविच तिथे आवाज चढवण्याऐवजी तो थोडा फाटू देतात, त्यामुळे ध्रुवपद म्हणजे पराक्रम न वाटता हाक वाटते. त्या वर्षी राक्षसांचे मुखवटे घातलेल्या फिनलंडच्या ‘लॉर्डी’ या रॉक बँडने २९२ गुणांनी स्पर्धा जिंकली. ‘लेय्ला’ २२९ गुण घेऊन तिसरे आले आणि बॉस्नियाच्या वाट्याला आलेला हा सर्वोच्च क्रमांक ठरला. सगळ्या गोंगाटात हे गाणे तिसरे कसे आले, याचे उत्तर त्याच्या पहिल्या चाळीस सेकंदांतच मिळते.

तिसऱ्या गाण्याविषयी माझे मत थोडे थंड आहे. २००७ मध्ये हेलसिंकी येथे मारिया शेरिफोविच यांनी सर्बियाला विजय मिळवून दिल्यामुळे २००८ ची स्पर्धा बेलग्रेडला भरली. योक्सिमोविच यांनी योवाना यान्कोविच यांच्यासोबत तिचे सूत्रसंचालन केले (पुढे २०१२ मध्ये या दोघांनी लग्न केले) आणि यजमान देशाचे ‘ओरो’ हे गाणेही त्यांनीच बांधले होते. एकाच माणसाने सूत्रसंचालकाच्या मंचावरून स्वतःच्या गाण्याकडे पाहावे, असे दृश्य या स्पर्धेत विरळाच. येलेना तोमाशेविच यांचा आवाज स्वच्छ आहे, आणि सर्बियातले नामवंत फ्रुलावादक बोरा दुगिच त्यांच्याशेजारी उभे राहिल्याने गाण्याला एक मान्यताही मिळते. फ्रुला ही मेंढपाळांची छोटी लाकडी बासरी आहे आणि तिचा पातळ, किंचित थरथरता सूर या गाण्यातली सर्वांत जिवंत गोष्ट आहे. शब्दांत २८ जूनच्या विदोव्दान या दिवसाचा उल्लेख येतो. १३८९ च्या कोसोवोच्या लढाईमुळे सर्बियन मनात त्या दिवसाला मोठे स्थान आहे, आणि त्याच वर्षी, २००८ च्या फेब्रुवारीत, कोसोवोने सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केलेले असल्याने तो उल्लेख कानाआड जाणे शक्य नव्हते. गाणे देखणे आहे, पण देशाचे प्रतिनिधित्व करण्याचे ओझे त्याच्या खांद्यावर दिसते. अंगाईसारखा आलाप, लोकनृत्याची आठवण, बासरी आणि शेवटची चढण या सगळ्या गोष्टी जागच्या जागी आहेत, आणि म्हणूनच ‘लाने मोये’त जी अनिश्चितता होती ती इथे नाही. पुढे काय होणार हे दीड मिनिटातच कळते. १६० गुणांनिशी सहावा क्रमांक मला न्याय्य वाटतो.

चौथे गाणे, ‘निये ल्यूबाव स्त्वार’, म्हणजे प्रेम ही काही वस्तू नव्हे. २०१२ मध्ये बाकू येथे योक्सिमोविच पुन्हा स्वतः मंचावर आले तेव्हा चाळिशीला पोहोचले होते. कारागिरीच्या दृष्टीने हे त्यांचे सर्वांत पक्के गाणे आहे. मारिना तुत्साकोविच या सर्बियन पॉपमधल्या अत्यंत नावाजलेल्या गीतकार होत्या, २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी आणि मिलोश रोगानोविच यांनी मिळून लिहिलेले शब्द आधीच्या गाण्यांपेक्षा अधिक बोलके आहेत. पियानो, मग तंतुवाद्ये, मग पूर्ण वाद्यमेळ अशी चढण इथेही आहे, पण या वेळी ती दोन टप्प्यांत केलेली आहे. पहिल्या टप्प्यानंतर गाणे मुद्दाम मागे सरते, जवळजवळ थांबते, आणि मगच शेवटचा चढ घेते. ही मागे सरण्याची जागा हेडफोनवर ऐकावी. तिथे तंतुवाद्ये एका क्षणी बाजूला होतात आणि आवाजाखाली अगदी थोडा आधार उरतो, तो मोबाईलच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही, त्यामुळे पुढच्या चढाची अर्धी किंमत कमी होते. गायक म्हणूनही त्यांची समज इथे वाढलेली दिसते. २००४ मध्ये जो स्वर ते जोर लावून गाठत होते, तो इथे सहज येतो. त्या वर्षी स्वीडनच्या लोरीन ३७२ गुणांनी जिंकल्या, रशियाच्या उदमुर्त आजीबाई २५९ गुणांनी दुसऱ्या आल्या आणि हे गाणे २१४ गुणांनी तिसरे आले. भट्टीवरच्या पावाभोवती फेर धरणाऱ्या आजीबाईंपुढे विरहगीताचा टिकाव लागणे अवघडच होते, आणि त्या आजीबाईही मला आवडल्या, हे इथेच कबूल केलेले बरे.

पाचवे गाणे ‘आदियो’ २०१५ चे, व्हिएन्नातल्या स्पर्धेतले. मॉन्टेनेग्रोसाठी क्नेझ यांनी ते गायले. ४४ गुण आणि तेरावा क्रमांक ही मॉन्टेनेग्रोची तोवरची सर्वोत्तम कामगिरी होती, त्यामुळे त्या देशाच्या दृष्टीने व्यवहार फायद्याचाच झाला. श्रोत्याला मात्र इथे जुनाच माल नव्या वेष्टनात मिळतो. तीच हळुवार सुरुवात, तोच मधला भराव, तीच शेवटची उंची. क्नेझ यांचा आवाज भरदार आहे, पण चालीत त्यांच्यासाठी खास असे काही नाही. हेच गाणे योक्सिमोविच यांनी स्वतः गायले असते तरी ते असेच झाले असते, आणि इतरांसाठी गाणे बांधणाऱ्या संगीतकाराबद्दल ही तक्रार किरकोळ म्हणता येत नाही. ‘लेय्ला’त त्यांनी गायकाचा गळा ओळखला होता, इथे आपल्या रीतीवरच भिस्त ठेवली.

स्पर्धेबाहेरचे त्यांचे काम या परीक्षणाचा विषय नाही, पण थोडे सांगायला हवे, नाहीतर चित्र एकांगी होईल. बॉस्नियाचे गायक दिनो मेर्लिन यांच्यासोबतचे ‘सुपरमेन’ हे २००४ चे युगुलगीत खेळकर आहे आणि योक्सिमोविच यांना हसताही येते याचा पुरावा आहे. सर्बियन कादंबरीकार मिर-याम यांच्या कादंबरीवरून दिग्दर्शक झ्द्राव्को शोत्रा यांनी केलेल्या ‘रान्येनी ओराओ’ या दूरचित्रवाणी मालिकेला त्यांनी दिलेले संगीत मला त्यांच्या अनेक पॉप गाण्यांपेक्षा अधिक टिकाऊ वाटते, कारण तिथे ध्रुवपद गाजवण्याचे बंधन नसल्याने चाल निवांत फिरू शकते. २००५ च्या आणि २००९ च्या अल्बममध्ये चांगली गाणी आहेत, पण ठेक्याची गाणी आजच्या कानाला जुनी वाटतात आणि सिंथेसायझरचे आवाज त्यांच्या काळाची तारीख सांगतात. मैफलवजा संथ गाण्यांना मात्र तो गंज चढलेला नाही.

आता उपलब्धतेविषयी. पाचही गाण्यांचे अंतिम फेरीतले सादरीकरण स्पर्धेच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर फुकट पाहता येते, आणि स्टुडिओत मुद्रित केलेली आवृत्ती संगीताच्या ॲपवर मिळते. शोधताना थोडी कटकट होते. सर्बियन भाषा सिरिलिक आणि लॅटिन अशा दोन्ही लिप्यांत लिहिली जात असल्याने मी वापरत असलेल्या ॲपवर त्यांचे काम दोन वेगवेगळ्या कलाकारांचे असल्यासारखे विखुरलेले आढळले, आणि त्यात कॅराओके व दुसऱ्यांनी गायलेल्या आवृत्त्यांची भर पडली. गाणे उघडल्यावर आवाज ओळखीचा वाटला नाही तर पुढे जावे. २००४ आणि २००६ ची दृश्ये जुन्या दूरचित्रवाणीच्या दर्जाची, मोठ्या पडद्यावर अस्पष्ट दिसणारी आहेत, त्यामुळे ती दोन गाणी आधी स्टुडिओ आवृत्तीत ऐकून मग पाहिलेली बरी. २०१२ च्या गाण्याबाबत क्रम उलटा ठेवावा, कारण थेट गायनात मागे सरण्याची ती जागा अधिक धीटपणे घेतलेली आहे.

सगळी गाणी एका बैठकीत ऐकू नयेत, असे मी सुचवीन. सलग ऐकली की तिसऱ्या गाण्यापासून चढण आधीच दिसू लागते आणि चौथ्या गाण्यावर विनाकारण अन्याय होतो. ‘लेय्ला’ने सुरुवात करावी, दुसऱ्या दिवशी ‘लाने मोये’, आणि काही दिवसांनी ‘निये ल्यूबाव स्त्वार’. ‘ओरो’ फ्रुलेसाठी एकदा जरूर ऐकावे. ‘आदियो’ सुटले तरी बिघडत नाही. आणि बाकूच्या गाण्याची ‘सिनोनिम’ नावाची जी इंग्रजी आवृत्ती आहे, तिच्या वाटेला जाऊ नये: चाल तीच, गळा तोच, पण सर्बियन शब्दांतली लांब स्वरांची विश्रांती इंग्रजी अक्षरांत मावत नाही, आणि जिथे श्वास हवा होता तिथे शब्द येऊन बसतात.